बाटलीभर समुद्राचं तेल घेऊन निमगाव केतकीला

आधी वाईट ते सांगतो. पनवेलहून पुणे आणि पुण्याहून बारामती, हा एसटीचा प्रवास हाडं खिळखिळी करतो. तिकडं जानेवारीच्या पहाटे पडते ती थंडी आम्हा समुद्रकाठच्या माणसांच्या अंगात एकदा शिरली की दुपारपर्यंत निघत नाही. विहिरीचं पाणी इतकं जड की साबण झिजतो, पण फेस येत नाही. समुद्राची ताजी मासळी विसरायची. आणि रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेमागे अडकलात, तर घड्याळ काढून खिशात ठेवायचं.

वाईट आधी का सांगितलं ते पुढे वाचताना कळेल. ही पद्धत मी तिकडूनच शिकून आलो आहे.

मी उरणजवळच्या कोळीवाड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती उतरलेलाही मीच. हे सांगताना मी लाजत नाही. ज्यांच्या घरात आजोबांपासून पुस्तकं आहेत त्यांनी लाजावं, त्यांना ते परवडतं. नोकरी समुद्रातल्या तेलाची. मुंबईपासून खूप आत, जिथून कुठलाच किनारा दिसत नाही, तिथं लोखंडी पायांवर उभी केलेली एक चार मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. तिला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो. समुद्राच्या तळाखालून वर येणारं तेल तपासायचं हे माझं काम. पंधरा दिवस तिकडं, पंधरा दिवस घरी. जाणं-येणं हेलिकॉप्टरनं.

माझ्या सुट्टीच्या पंधरवड्यात मी बारामती-इंदापूरकडं गेलो तो सोमनाथमुळे. सोमनाथ निमगाव केतकीचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याच्या घरातलाही तो पहिलाच शिकलेला. बारामतीला डिझेल इंजिनाचं शिक्षण घेतलं आणि समुद्रात विहिरी खोदणाऱ्या एका रिगवर, एका कंत्राटदाराकडं, मेकॅनिक म्हणून निवडला गेला. सुरक्षेच्या प्रशिक्षणात आमची गाठ पडली. तिथं जाकीट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते. ह्या गड्याला पोहता येत नव्हतं. त्यानं डोळे मिटले, "बिरोबाच्या नावानं" म्हणून ओरडला आणि उडी मारली. तेव्हापासून आमची दोस्ती.

महिनाअखेरीला त्याला रुजू व्हायचं होतं, आणि वडील "जा" म्हणत नव्हते.

"अरे, तू काय लहान आहेस?" मी म्हणालो.

"लहान न्हाय. पन आबांनी जा म्हनल्याबिगर मी हलनार न्हाय. आमच्यात तसं नसतं. तुमी एकडाव या. तुमी समुद्रावर जल्मलेलं. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील याची मला शंकाही नव्हती. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

बारामती

रिकाम्या हातानं कुणाकडं जायचं नाही ही आमच्याकडची रीत. म्हणून बायकोनं निमगावसाठी सुक्या बोंबलांची आणि सुकटीची पिशवी बांधून दिली होती. शिवाय साहेबांची परवानगी काढून मी कच्च्या तेलाची एक बाटली बरोबर घेतली होती, कारण सोमनाथच्या शिक्षकांनी बारामतीच्या कॉलेजात माझं व्याख्यान ठरवलं होतं.

पुण्याहून गाडी सुटली आणि हडपसरच्या पुढे वासाची चर्चा सुरू झाली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून प्रत्येक बाकाखाली वाकून बघायला लागला. माझ्याजवळ आल्यावर म्हणाला, "पावनं, ह्यात काय मेलंय?"

"मेलंय खरं, पण वाळवलंय," मी म्हणालो.

पिशवी टपावर गेली. मला वाटलं होतं, वास बाटलीचा यायचा. पण तेलाला कुणी नाक मुरडलं नाही, आमच्या सोन्यासारख्या बोंबलाला मुरडलं. प्रत्येकाला आपला वास तो सुवास. त्या सगळ्या वाटेवर साखर कारखान्यांच्या मळीचा जो आंबूस वास भरून राहिला होता तो मला सोसवत नव्हता, आणि माझ्या शेजारचा गृहस्थ छाती भरून घेत म्हणत होता, "आलं बघा गाव."

कॉलेजातलं व्याख्यान छान झालं, असं मीच म्हणतो. विषय होता समुद्रातलं तेल आणि देशाची गरज. आखातात युद्ध पेटलं तेव्हा डिझेल मिळेना म्हणून पंपावर डबे घेऊन उभं राहिलेली माणसं समोर बसली होती, त्यामुळे फार समजावून सांगावं लागलं नाही. परदेशातून तेल आणायचं तर डॉलर लागतात, आणि त्या वर्षी देशाजवळ डॉलर उरले नव्हते. ज्याच्या घरात स्वतःची विहीर आहे त्याला शेजाऱ्यानं दार लावलं तरी फिकीर नसते. समुद्रातलं तेल म्हणजे आपली परसातली विहीर. म्हणून ती आणखी खोदली पाहिजे, लवकर खोदली पाहिजे. बाटली मुलांच्या हातातून फिरली. एकानं हुंगून सांगितलं, "सर, घासलेटात मेण वितळवल्यावानी वास येतोय." बरोबर होतं. आमच्या तेलात मेण पुष्कळ.

मग सांगवीचे पोपटराव उठले. ऊस पिकवणारा माणूस, पांढरीशुभ्र टोपी, पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेले. कुणाचेही ते विद्यार्थी नव्हते, पण व्याख्यान म्हटलं की येतात, असं मागाहून कळलं.

"साहेब, सरकार म्हनतंय, समुद्रात सापडलेलं तेल आता खाजगी कंपन्यांना काढाय देनार. परदेशातल्या पन. व्हय का?"

"काही क्षेत्रं देणार आहेत. सरकारजवळ खोदायला पैसा अपुरा आहे."

"मग सहकारी कारखाना काढा की ह्याचा. आमी शेअर घेतो."

सभागृहात हशा पिकला. पोपटराव हसले नाहीत. "हसायला काय झालं? ऊस आमचा, कारखाना आमचा. मग तेलाला काय धाड भरली?"

"पोपटराव," मी म्हणालो, "समुद्रात एक विहीर खोदायची म्हणजे डोंगराएवढा खर्च. आणि खाली कोरडी लागली तर?"

"कोरडी? माझ्या दोन बोअर कोरड्या गेल्या. पानाड्यानं नारळ फिरवून जागा दावली हुती, तरी गेल्या. पन गेल्या त्या मला कळल्या तरी! सभासद असलो की सालाच्या सभेत आमी आधी तोटा इचारतो, मग जेवतो. तुमच्या समुद्रात कोरड्या गेल्या त्या आमाला कोन सांगतंय? पेपरात समदं लागलेलंच येतं."

मी काहीतरी उत्तर दिलं. टाळ्याही पडल्या. पण पोपटराव टाळ्या वाजवत नव्हते हे मी पाहिलं.

त्यांनीच मग मोटारसायकलवर बसवून मला सांगवीला जेवायला नेलं. वाटेत कालवा लागला. आमच्या खाडीसारखा दिसला म्हणून मी खूश झालो, पण हे पाणी एकाच दिशेनं जात राहतं. आमच्या खाडीला भरती-ओहोटी असते, ह्यांच्या कालव्याला पाण्याची पाळी असते, आज ह्याच्या रानाला तर उद्या त्याच्या. आणि पाळीवरून तिकडं जेवढी भांडणं होतात तेवढी आमच्याकडं जाळ्यावरूनही होत नाहीत. पोपटरावांच्या घरच्या मटणाच्या रश्श्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्यांनी विचारलं, "तिखट हाय का?" मी म्हणालो, "नाही, घरची आठवण आली." ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

निमगाव केतकी

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्यानं निमगाव केतकी. गाव मोठं, बाजार मोठा. उन्हानं भाजलेल्या माळावरून येऊन एकदम पानमळ्यात शिरलो तेव्हा मला कुणी ओल्या फडक्यानं तोंड पुसल्यासारखं वाटलं. उंच शेवरीच्या झाडांवर चढवलेले नागवेलीचे वेल, आत हिरवा काळोख आणि गारवा. आमच्याकडं माणसं विडा खातात. तो मुळात असा देवळासारख्या मळ्यात वाढतो हे मला ठाऊक नव्हतं.

सोमनाथचं घर मळ्यांच्या पलीकडं, माळाच्या कडेला. दोन खोल्या, पुढं अंगण, कुंपणावर वाळत घातलेलं एक फडकं, बाभळीखाली बैलगाडी, विहिरीवर डिझेल इंजिन. थोड्या मेंढ्या अजून ठेवलेल्या, सवय म्हणून. आबा अंगणात घोंगडीवर बसले होते. उंच, वाळका माणूस, डोक्याला तांबडा पटका. माझ्याकडं बघून त्यांनी आधी पिशवीचा वास घेतला.

"सुकट हाय?"

"हो आबा. बोंबीलही आहेत."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अगं ए, सुकट आनलीया पावन्यानं! आता कोकनातली चव तोंडाला लागंल."

मग कळलं की आबा माझ्याआधी माझा मुलूख बघून बसलेत. तरुणपणी ते दर वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचे, पेण-वडखळपर्यंत. कापणी झालेल्या भाताच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा, कोळणी सुकट द्यायच्या. मला लहानपण आठवलं. घोड्यावर बिऱ्हाड, वर बांधलेल्या कोंबड्या, आणि मागून ढगासारखी येणारी मेंढरं. आम्ही पोरं "धनगर आले, धनगर आले" करत त्यांच्यामागे धावत असू.

"कुत्री सोडायचा तुमी लोक आमच्यावर," आबा म्हणाले.

"तुमची कुत्री आमच्यावर सुटायची, आबा."

"ती बी सुटायची," म्हणून ते हसले. मला वाटलं, जिंकलं. आता नुसतं बोलायचं बाकी.

सोमनाथच्या आईनं, हौसामावशींनी, सुकट कांद्यावर परतली. बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. आमच्याकडं तांदळाची भाकरी पातळ आणि मऊ. ही हातावर घेतली की वजन कळतं. जेवणं झाल्यावर उन्हं कलली तशी शेजारची पाच-सात माणसं अंगणात जमली, आणि मी सुरुवात केली.

काय बोललो मी! समुद्रावरची ती इमारत, विमानतळावर असतात तशा स्वच्छ खोल्या, जेवायला चार प्रकारच्या भाज्या, रविवारी आइस्क्रीम. हेलिकॉप्टरनं ने-आण, साहेबासारखी. देशाचं काम. सीमेवर जवान, तसे समुद्रावर आम्ही. तुमच्या विहिरीवरचं इंजिन ज्या डिझेलवर चालतं त्याच्या मुळाशी उद्या तुमचा सोमनाथ असेल. शेवटी बाटली काढून आबांच्या हातात दिली. "आबा, ही वानगी. आपल्या समुद्राचं तेल."

बाजारात पोत्यातलं मूठभर धान्य गिऱ्हाइकाला बघायला देतात, ती वानगी. हा शब्द वापरल्याचा मला अभिमान वाटला. माणसं माना डोलवत होती. सोमनाथ तर फुलून गेला होता.

आबांनी बाटली उन्हाकडं धरून बघितली, हुंगली, उशाशी ठेवली. "ब्येस बोल्लास," म्हणाले.

"मग आबा?" सोमनाथनं विचारलं.

"मग काय? न्हाय."

"आवो, पन का?"

"न्हाय म्हनलं ना. पावन्याला पांघराया काढ. हितली थंडी सोसायची न्हाय त्याला."

वानगी

सकाळी उठलो तर सोमनाथ तोंड पाडून बसलेला आणि बाटली रिकामी.

बाभळीखाली आबांनी बैलगाडीचं एक चाक उतरवलं होतं आणि बोटांनी आसाला काहीतरी चोपडत होते. मी धावलो.

"आबा! ते तेल!"

"व्हय, त्येच."

सांगितलं ना, आमच्या तेलात मेण पुष्कळ. तिथल्या पहाटेच्या थंडीनं बाटलीतलं तेल तुपासारखं थिजलं होतं. आबांनी पाहिलं, तर हे तर वंगण! काडीनं सगळं टोकरून काढलं आणि आसाला लावलं.

"आबा, ती दाखवायला आणलेली होती हो. इंदापूरलाही दाखवणार होतो मी."

"तूच म्हनलास वानगी म्हून. वानगी का नुस्ती बघायची असती? जुंधळ्याची दिली तर चावून बघायची, लोकरीची दिली तर वढून बघायची. वापरल्याबिगर कळनार कसं?" त्यांनी चाक बसवलं, फिरवलं. कुरकुर थांबली होती. मग ऊन वर आलं, आसावरून काळे ओघळ सुटले आणि थेंब थेंब मातीत पडायला लागले. आबांनी मान हलवली. "उन्हात पळून जातंय. वंगन म्हून खोटं हाय तुझं तेल."

देशाच्या इंधन सुरक्षेचा हा निकाल ऐकून मला हसावं की रडावं कळेना. "आबा, ते वंगण नाहीच. शुद्ध केल्यावर त्याचं डिझेल होतं, घासलेट होतं. स्वयंपाकाचा गॅसही त्यातूनच—"

"मग तसं आदी सांगावं मानसानं. ह्याचा काय उपेग न्हाय ते आदी सांगावं."

चाक धरायला मदत केल्यामुळे माझे दोन्ही हात काळे झाले होते. कुंपणावरचं ते मोठं जाडंभरडं फडकं दिसलं. ते ओढणार तोच चुलीपासून मावशी ओरडल्या.

"ते न्हाय! त्येला हात लावू नगा! राख घ्या हिकडं."

मी राखेनं हात घासत चुलीजवळ बसलो. मावशी भाकरी थापत होत्या. थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमी सगळं गोड सांगितलंसा काल."

"गोडच आहे मावशी. खोटं एकही बोललो नाही."

"खोटं कुटं म्हनती मी? पन आमच्या वाड्याची रीत तुमाला ठावं न्हाय. वाडा म्हंजी दहा-बारा बिऱ्हाडं, समद्यांची मेंढरं संगं. हलायच्या आदी एक मानूस म्होरं जायचा, रान बघाया. बघून आला की समदी भवतीनं बसायची. त्यानं आदी वाईट सांगायचं. पानी कुटं न्हाय, कोनचा पाटील मारकुटा, लांडगं कुटं हायती, कोनचा पाला इखारी. समदं वाईट सरलं की मंग चांगलं. ज्यानं आदी चांगलं सांगितलं, त्याच्या बोलन्यावर वाडा हलायचा न्हाय. मानसाला रान आवडलंय, बघितलं न्हाय, असं म्हनायची समदी."

"मग काल आबांनी सांगितलं का नाही?"

"तुमी पावनं. पावन्याला कोन शिकीवतं?" भाकरी उलथत त्या म्हणाल्या. "पोरगं जायाचं म्हंतंय. त्याचं मन तितं गेलंय. हितं नुस्तं अंग हाय. एकडाव नीट सांगा त्यास्नी."

मी शिकलेला माणूस, मला माझी चूक कळायला दोनदा सांगावं लागत नाही. पोपटराव टाळ्या का वाजवत नव्हते तेही तिथंच, चुलीसमोर कळलं.

आधी वाईट

दुपारच्या आत आबा मला जोंधळ्याच्या रानात हुरडा खायला घेऊन गेले. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आमच्या किनाऱ्यावर ह्या तोडीचं काही असेल तर ते निखाऱ्यावर भाजलेले शिंपले, बाकी नाही. मी भरपूर खाल्लं. मग हात झाडले.

"आबा, काल मी रान बघून आल्यासारखं सांगितलं नाही. आज सांगतो."

आबांनी कणीस बाजूला ठेवलं. सोमनाथ आरापाशी उकिडवा बसला होता, तो हलायचा थांबला.

"पळायला जागा नाही," मी म्हणालो. "हे सगळ्यात वाईट. तुमचं रान पेटलं तर माणूस माळावर पळतो. तिथं चारी बाजूंनी पाणी. एकदा भोंगा झाला, वायू गळतोय म्हणून. आम्ही जाकिटं घालून आपापल्या होडीपाशी रांगेत उभे राहिलो. काही निघालं नाही. पण तेवढ्यात मी जाकिटाचा पट्टा तीनदा तपासला. समुद्रावर जन्मलेला मी."

"मंग?"

"पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडत नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हा मी तिथंच अडकलो होतो. वायरलेसवरून कळलं. आवाज इतका की घरी आल्यावर बायको म्हणते, ओरडू नका, मी बहिरी नाही. आणखी एक. मी कायम नोकरीत आहे, सोमनाथ कंत्राटी. काम तेच, पण कंत्राट संपलं की त्याला कुणीही घरी बसवू शकतं."

"हे तुमी का सांगताय आता?" सोमनाथ फणकारला.

"गप," आबा म्हणाले. "सांगू दे त्याला."

"आणि ते तेल कायमचं नाही. जोरात उपसलेल्या विहिरीचं होतं तसं आमच्या जुन्या क्षेत्राचं झालंय, दाब उतरलाय. नवं सापडेल असं सगळे म्हणतात. कोरड्या किती गेल्या ते कुणी मोठ्यानं म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. आणि माझा बाप अजून दुसऱ्याच्या ट्रॉलरवर लांबच्या समुद्रात जातो. प्लॅटफॉर्मच्या भोवती जाळं टाकायला बंदी आहे. तिथं मासळी गोळा होते, लोखंडाच्या सावलीला. बाप ती बघतो आणि लांबून जातो. म्हणतो, पोरानं पगारासाठी दर्याला कुंपण घातलं."

आबांनी काडीनं निखारे सारखे केले. मग विचारलं, "घरामागचं कुरण आमी कवा चारत नसतो. ते मेंढ्या व्यायला झाल्या की त्या दिसांसाठी राखायचं. आदी लांबचं चारायचं. तुमी आपल्या घरचं तेल आदी का उपसताय? लोकांचं घ्या की आदी."

हा प्रश्न दिल्लीतही विचारला जातो, आणि मला त्याचं उत्तर देता येतं. "आबा, लांबचं रान दुसऱ्याच्या मालकीचं. त्यानं त्या साली वाट अडवली तेव्हा तुम्ही डबा घेऊन पंपावर उभे होता ना? शिवाय गवत मेंढरू आपलं आपण चरतं. तेल काढायला माणसं लागतात, आणि ती खोदता खोदताच तयार होतात. कुरण राखलं आणि मेंढपाळच उरला नाही, तर राखून उपयोग काय?"

"म्हंजी थोडं चारायचं, थोडं राखायचं."

"मला तसंच वाटतं. पण राखायला लावणारा कुणीतरी हवा."

"त्यो कवा मिळतोय," आबा हसले. त्यांचं मला पटलं नाही, माझं त्यांना निम्मंच पटलं, आणि ते तसंच राहिलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. प्यायचं पाणी कुठनं? जहाजानं येतं. शेजारी कोण? बिहारी, बंगाली, मल्याळी, सगळ्या मुलखाचे. आजारी पडलं तर? डॉक्टर असतो. मेलं तर? मी म्हणालो, "तर घरी आणतात. समुद्रात सोडत नाहीत." सोमनाथनं मान खाली घातली. आबांनी नुसतं "हां" म्हटलं.

"आता चांगलं सांग. येकच सांग. आइस्क्रीम नगं."

काल इतकं चांगलं सांगितलं होतं, आणि आता एक निवडायचं तर सुचेना. मग सुचलं ते सांगितलं.

"प्लॅटफॉर्मवर जादाचा वायू जाळतात. त्याची ज्वाळा कायम पेटलेली असते, फार लांबून दिसते. धुक्यात, पावसात आमच्या गावचे ट्रॉलर वाट चुकले की त्या ज्वाळेवरून दिशा धरतात. माझा बाप कुंपण घातलं म्हणून मला शिव्या देतो, आणि त्याच ज्वाळेला बघून घराकडं वळतो. घरी आला की सांगतो, तुझा दिवा बघितला रे."

आबा उठले. धोतर झटकलं, राहिलेली कणसं उपरण्यात गुंडाळली. आम्ही मागून चाललो. सोमनाथ माझ्याशी बोलत नव्हता. कंत्राटाचं सांगितलं ते त्याला लागलं होतं. मलाही वाटलं, जास्तच खरं बोललो.

अंगणात मावशी मेंढीला पाला घालत होत्या. आबा त्यांच्यासमोरून गेले, बाभळीखाली टेकले आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

"भाकरी बांध," म्हणाले.

मला वाटलं, माझ्या परतीच्या वाटेची भाकरी. पण सोमनाथ जागच्या जागी थांबला, आणि त्याचे डोळे भरून आले. मागाहून त्यानं मला सांगितलं की रान ऐकून झाल्यावर वाड्यातला मोठा माणूस एवढंच बोलायचा. "हलायचं" असं कुणी म्हणत नसे. भाकरी बांधा म्हटलं की बाया घोड्यांवर बिऱ्हाड चढवायला लागत.

"कुटवर?" मावशींनी विचारलं.

"पोराला दर्याच्या कडेपातुर सोडून यीन म्हंतो मी. ह्या पावन्याकडं मुक्काम करीन. कोकन बघून लई सालं झाली." मग सोमनाथकडं वळून म्हणाले, "पंधरा दिसांनी येशील तवा हितं बसायचं, आन् आदी वाईट सांगायचं. न्हाय सांगितलंस तर म्होरच्या पंधरा दिसांची भाकरी मिळायची न्हाय."

सोमनाथ हसला, आणि माझा हात दाबला.

मावशी कुंपणाकडं गेल्या. मी सकाळी ज्या फडक्याला हात पुसणार होतो ते त्यांनी ओढून काढलं, झटकलं, चार पदरी घडी घातली. स्वच्छ धुतलेलं, लांबरुंद, चार टोकांना गाठी मारून मारून चुरगळलेलं, जुनं वाटेच्या भाकरीचं फडकं होतं ते. मी आदल्या दिवशी अंगणात पाय ठेवला, तेव्हापासून वाळत होतं.